सुटका कोणाची? : ‘शिराझ’ या मूकपटातील अपहरण

मुमताज महलचे कधी अपहरण झाले नव्हते. ती गुलामांच्या बाजारात विकली गेली नव्हती, कुंभाराच्या घरी वाढलीही नव्हती. १५९३ साली जन्मलेली अर्जुमंद बानू ही आसफखानाची मुलगी, नूरजहानची सख्खी भाची. १६०७ साली शहजादा खुर्रमशी तिची सोयरीक ठरली आणि १६१२ साली लग्न झाले. मधल्या पाच वर्षांत खुर्रमचे दुसरे एक लग्नही उरकले. दोन मातब्बर घराण्यांचे सर्वांच्या संमतीने, मुहूर्त पाहून झालेले असे हे नाते होते.

१९२८ साली पडद्यावर आलेल्या ‘शिराझ’ या मूकपटात मात्र याच मुमताजची कथा अपहरणाने सुरू होते आणि अपहरणानेच पुढे सरकते. ताजमहालाची गोष्ट सांगायला निघालेल्यांना गुलामांचा बाजार का लागला, हा या लेखाचा प्रश्न आहे. ‘रंजनासाठी’ हे त्याचे सोपे उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. चित्रपटात अपहरण ज्या रीतीने घडते, आणि मुख्य म्हणजे ज्या रीतीने ते विसरले जाते, त्यात त्या काळच्या मेलोड्रामाचा एक मोठा व्यवहार दडलेला आहे.

भारतात १,३००च्या आसपास मूकपट तयार झाले. त्यांपैकी पूर्ण स्थितीत हाती उरलेले अगदी मोजके आहेत. ‘शिराझ’ त्यांतला एक. निरंजन पाल यांच्या नाटकावरून तो घेतला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मन, पैसा आणि तंत्र ब्रिटिश इन्स्ट्रक्शनल फिल्म्स व जर्मनीतील उफा यांचे, आणि साऱ्याची मोट बांधणारे हिमांशू राय. शिराझची भूमिकाही त्यांनीच केली. चारू रॉय खुर्रम झाले, एनाक्षी रामा राव सेलिमा झाल्या आणि सीतादेवी या नावाने काम करणाऱ्या रेनी स्मिथ यांनी डालिया रंगवली. ‘लाइट ऑफ एशिया’ (१९२५), ‘शिराझ’ आणि ‘प्रपंच पाश’ (१९२९) ही याच मंडळींची चित्रत्रयी. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने ‘शिराझ’ची प्रत दुरुस्त करून २०१७ साली अनुष्का शंकर यांच्या संगीतासह पुन्हा लोकांपुढे आणली. त्यामुळे आज या चित्रपटाविषयी ऐकीव माहितीवर विसंबून न राहता प्रत्यक्ष पाहून बोलता येते.

कथा थोडक्यात अशी. वाळवंटातून जाणाऱ्या काफिल्यावर दरोडेखोर तुटून पडतात. एक तान्ही मुलगी वाचते. एक कुंभार तिला घरी नेतो, सेलिमा म्हणून वाढवतो. तिच्या गळ्यातला तावीज तेवढा तिच्या जन्माची खूण म्हणून राहतो. कुंभाराचा मुलगा शिराझ तिच्याबरोबर भावासारखा वाढतो आणि मोठेपणी तिच्यावर प्रेम करू लागतो. गुलामांचे व्यापारी तिला पळवतात. शिराझ मागोमाग जातो, पण बाजारात ती शहजादा खुर्रमसाठी विकत घेतली जाते. राजवाड्यात खुर्रम तिच्यावर अनुरक्त होतो. खुर्रमवर डोळा ठेवून असलेली डालिया शिराझला जनान्यात शिरण्याची वाट करून देते, ती तो पकडला जावा म्हणून. त्याला हत्तीच्या पायी देण्याची शिक्षा होते. ऐन वेळी तावीज आणि सत्य दोन्ही उजेडात येतात, शिराझ वाचतो, डालिया हद्दपार होते आणि सेलिमा मुमताज महल होते. पुढे वर्षे लोटतात. मुमताज मरण पावते. तिच्या समाधीसाठी बादशहा जो आराखडा निवडतो, तो म्हाताऱ्या शिराझचा असतो.

दरोडा, काफिला आणि वाटेत पोरकी झालेली मुलगी हा भाग निव्वळ कल्पनेतून आलेला नाही, असे माझे अनुमान आहे. नूरजहानच्या जन्माभोवती एक प्रसिद्ध आख्यायिका आहे. इराणातून हिंदुस्थानकडे निघालेले तिचे आईबाप वाटेत लुटले गेले, १५७७ साली कंदाहारजवळ मुलगी झाली, पोटाला अन्न नाही म्हणून त्यांनी तिला रस्त्याकडेला ठेवले आणि काफिल्यातल्याच कोणाच्या तरी दयेने ती परत मिळाली, अशी ती कथा. आत्याची ही आख्यायिका भाचीच्या नावावर चढवलेली दिसते. फरक एवढाच की आख्यायिकेतली मुलगी आईबापांकडे परत जाते आणि चित्रपटातली जात नाही. ती परत न जाणे हेच पुढच्या सगळ्या कथेचे बीज आहे.

मूकपटांच्या काळात अपहरण आणि सुटका हा जगभर चालणारा साचा होता. ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ (१९०५) या इंग्रजी लघुपटात भिकारीण तान्हे मूल पळवते आणि घरचा कुत्रा ते शोधून काढतो. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘द अॅडव्हेंचर्स ऑफ डॉली’ (१९०८) हाही पळवलेल्या मुलीचाच. त्यानंतर ग्रिफिथने हा साचा असा घोटला की एका चौकटीत संकट आणि दुसऱ्या चौकटीत धावून येणारी मदत, अशी आलटून-पालटून येणारी दृश्ये ही चित्रपटाची एक मूळ भाषाच बनली. या साच्याचा नियम सोपा आहे. जे हिरावले गेले ते परत मिळते, घर पूर्वीसारखे होते, पळवणाऱ्याला शासन होते. प्रेक्षक ज्या समाधानाने उठतो ते या तीन गोष्टींचे.

‘शिराझ’मध्ये यांतली एकही गोष्ट घडत नाही. सेलिमा घरी परतत नाही. कुंभाराचे घर पूर्वीसारखे होत नाही. आणि ज्यांनी तिला उचलून नेले ते व्यापारी विक्री झाल्यावर कथेतून निघूनच जातात. कोणी त्यांचा पाठलाग करत नाही, त्यांना शिक्षा देत नाही. बाजारात ती बळजबरीने आणलेली आहे हे शिराझ जाणतो, त्यासाठी आकांत करतो. पण बाजाराला मालाच्या पूर्वेतिहासाशी कर्तव्य नसते. बोली लागते, सौदा होतो आणि जे अपहरण होते ते एका क्षणात खरेदी बनते.

अपहरणकर्ता इथे दोन माणसांत वाटला गेला आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. पळवणारा वेगळा आणि मिळवणारा वेगळा. पळवणाऱ्याचे हात मळलेले, मिळवणाऱ्याचे स्वच्छ. खुर्रमने कोणाला पळवले नाही. त्याच्या वतीने फक्त किंमत मोजली गेली. या वाटणीमुळेच त्याला पुढे नायक होता येते. सेलिमा पहिल्या दिवसापासून त्याच्यावर भाळते असेही नाही. विकत घेतलेली असूनही ती स्वतःला गुलाम मानत नाही आणि खुर्रम तिच्या मनाची वाट पाहतो. पण वाट पाहण्याची ही उदारता, जिला दाराबाहेर जाता येत नाही अशा स्त्रीला दाखवलेली उदारता आहे. चित्रपट पहिली गोष्ट ठळकपणे दाखवतो आणि दुसरीबद्दल गप्प राहतो.

या वाटणीचे वेगळेपण कळण्यासाठी त्याच दशकातला आपल्याकडचा एक चित्रपट आठवावा. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३चा, हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून घेतलेला. कादंबरीत सती जायला निघालेल्या कमलकुमारीला उदयभानू बळाने धरून नेतो आणि तिची कथा कोंढाण्याच्या लढाईशी येऊन मिळते. तिथे पळवणारा आणि मिळवू पाहणारा एकच आहे. त्याच्यावर तिचे मन जडेल ही कल्पनाच त्या जगात संभवत नाही. त्याचा शेवट तलवारीनेच व्हायचा. आपट्यांचे जगही स्त्रीला काय हवे हे फारसे विचारत नाही. तिथे तिची इच्छा म्हणजे चिता. पण निदान अपहरणाला अपहरण म्हणण्याबाबत त्या जगाच्या मनात संदेह नाही. ‘शिराझ’ला तसे म्हणणे परवडत नाही, कारण त्याला शेवटी ताजमहालापर्यंत पोहोचायचे आहे. ज्या प्रेमाचे स्मारक उभारायचे, ते प्रेम बाजारात सुरू झाले हे प्रेक्षकाने विसरावे लागते.

विसरायला लावण्याचे काम चित्रपटात दोन गोष्टी करतात. पहिली डालिया. उत्तरार्धात दुष्टपणाचा सगळा भार तिच्यावर येतो. ती मत्सर करते, कारस्थान रचते, शिराझला सापळ्यात ओढते. सीतादेवींनी ही भूमिका अशा तडफेने केली आहे की प्रेक्षकाची नजर तिच्यावरून हटत नाही. पण हिशेब मांडून पाहिला तर डालियाने सेलिमाला घरातून उचलले नाही, विकलेही नाही. जनान्यात येण्यापूर्वीच सेलिमाचे सर्वस्व गेले होते. तरीही शिक्षा होते ती डालियाला. व्यापाऱ्यांचा गुन्हा, बाजाराचा गुन्हा, गिऱ्हाइकाचा गुन्हा असे सगळे एका हेवेखोर बाईच्या पदरात बांधून तिला हद्दीबाहेर काढले जाते आणि न्याय झाल्याचे समाधान मिळते. व्यवस्थेचा अपराध एका बाईच्या स्वभावात कोंबण्याची ही युक्ती मेलोड्रामाने पुढेही पुष्कळ वापरली. आपल्या बोलपटांतल्या आणि आजच्या मालिकांतल्या कजाग बायकांची वंशावळ शोधणाऱ्याने डालियापाशी थोडे थांबावे.

दुसरी गोष्ट तावीज. सेलिमा उच्च कुळातली आहे हे त्यातून सिद्ध होते आणि त्यामुळे लग्नातला अडसर दूर होतो. इथे ‘द शेख’ (१९२१) या अमेरिकी चित्रपटाशी तुलना करण्याजोगी आहे. ई. एम. हल यांच्या कादंबरीवरून घेतलेल्या त्या चित्रपटाने रुडॉल्फ व्हॅलेंटिनोला जगभर लोकप्रिय केले. त्यात अरब शेख एका इंग्रज स्त्रीला पळवून नेतो, ती हळूहळू त्याच्या प्रेमात पडते आणि शेवटी कळते की शेख जन्माने अरब नसून युरोपीय आहे. तिथे पळवणाऱ्याचे रक्त ‘शुद्ध’ निघते, इथे पळवलेलीचे. दोन्हीकडे रक्ताच्या दाखल्यावर जुना गुन्हा धुऊन निघतो. आपल्या परंपरेत परत आलेल्या सीतेला अग्निपरीक्षा द्यावी लागली. सेलिमा परतच येत नाही, त्यामुळे तिच्या शीलाचा प्रश्न चित्रपट विचारत नाही. पण परीक्षा टळलेली नाही. अग्नीच्या जागी वंश आला आहे.

आता एक साधा प्रश्न विचारून पाहावा. तावीज नसता तर? सेलिमा खरोखरच कुंभाराची मुलगी असती, तर तिच्या अपहरणाचे काय झाले असते? चित्रपटाच्या तर्कानुसार उत्तर उघड आहे. ती जनान्यातली एक विकत घेतलेली बाई म्हणून राहिली असती आणि तिची गोष्ट कोणी सांगितली नसती. ज्या एका घराने मोल न मोजता, कूळ न विचारता तिला पोटाशी धरले ते कुंभाराचे. पण तावीज उघडताच त्या घराचे तिच्यावरचे नाते संपते, कारण ती ‘त्यांची’ नव्हतीच असे सिद्ध होते. बाजाराने एकदा आणि वंशाने एकदा, अशी ती त्या घरापासून दोनदा तुटते.

याचा अर्थ ‘शिराझ’ हा केवळ लबाड चित्रपट आहे असे नाही. तसा असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. त्याचे सामर्थ्य त्यात आहे की तो जे विसरायला सांगतो, ते विसरू न शकणारा एक माणूस त्याने कथेच्या मध्यभागी ठेवला आहे. शिराझ हा सुटका करायला निघालेला नायक. पण तो प्रत्येक वेळी उशिरा पोहोचतो. बाजारात पोहोचतो तेव्हा त्याच्या शब्दाला किंमत नसते. जनान्यात पोहोचतो तो दुसऱ्याने रचलेल्या डावातून. आणि चित्रपटात शेवटच्या क्षणीची जी सुटका घडते ती सेलिमाची नसून त्याची स्वतःची असते.

हत्तीच्या पायाचा तो प्रसंग आजही अंगावर येतो. जमिनीवर हिमांशू राय आणि त्यांच्यावर उचललेला खऱ्याखुऱ्या हत्तीचा पाय. ग्रिफिथच्या धर्तीवरचा क्षणाक्षणाचा ताण इथे पुरेपूर आहे. पण साच्यातल्या भूमिका उलटल्या आहेत. जो सोडवायला आला तो बांधला गेला आहे आणि जिला सोडवायचे तिच्याकडून त्याची सुटका येते. तो वाचतो, पण ज्यासाठी वाचायचे ते त्याच्या हातून गेलेले असते. सुटकेचा क्षण आणि हरण्याचा क्षण एकच करणारे असे प्रसंग त्या काळच्या मेलोड्रामात विरळा आहेत.

याचीच परिणती शेवटच्या भागात होते. आंधळ्या शिराझचा आराखडा निवडला जातो. असे दुसरे काही त्याच्या हातून घडू नये म्हणून बादशहा त्याचे डोळे काढण्याचा हुकूम देतो आणि मग कळते की त्याची दृष्टी आधीच गेलेली आहे. कारागिरांचे हात तोडल्याची दंतकथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इतिहासात तिला आधार नाही. ताजच्या रचनेचे श्रेय उस्ताद अहमद लाहोरी यांना दिले जाते आणि इमारतीवर एकच स्वाक्षरी आहे, ती अमानतखान या सुलेखनकाराची. तो इराणातल्या शिराझ शहरातून आला होता, हा मोठा सुरेख योगायोग. पण चित्रपटात त्या दंतकथेला वेगळा अर्थ मिळतो. ज्याने पूर्वी स्त्री विकत घेतली, तो आता कलावंताची दृष्टीही आपल्या एकट्याच्या मालकीची करू पाहतो. पहिल्या वेळी त्याच्या मालकीला कोणी अडवले नव्हते. या वेळी मात्र घेण्यासारखे काही उरलेले नसते. गुलामांच्या बाजारात जो प्रश्न दाबला गेला होता, तो इथे हलकेच वर येतो: किंमत मोजली किंवा हुकूम सोडला म्हणून माणसाचे काय काय आपले होते?

म्हणून मला वाटते की या चित्रपटातला ताजमहाल ही खुर्रमच्या प्रेमाची खूण आहेच, पण त्याहून अधिक ती न झालेल्या सुटकेची खूण आहे. सेलिमाला घरी परत नेणे शिराझला साधले नाही. त्याने तिच्यासाठी एक घर मात्र बांधले, तेही ती गेल्यावर. चित्रपटाला हे बोलून दाखवायचे होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. पडद्यावर ते दिसते.

हिमांशू राय यांनी १९३४ साली मुंबईत मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली. ऑस्टेन आणि निरंजन पाल तिथेही त्यांच्याबरोबर होते. त्याच त्रयीच्या ‘अछूत कन्या’त (१९३६) पुन्हा एक स्त्री आहे, जिचे आयुष्य जन्माच्या दाखल्यावर ठरते. या वेळी तिच्या गळ्यात तावीज नाही. कस्तुरी दलित आहे आणि दलितच राहते. कोणतीही खूण तिला वाचवायला येत नाही आणि ती रेल्वेखाली जीव गमावते. दोन चित्रपट पाठोपाठ पाहिले तर वाटते की ‘तावीज नसता तर?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच मंडळींनी आठ वर्षांनी स्वतःच लिहिले.

आता पुन्हा इतिहासाकडे. खरी मुमताज जून १६३१मध्ये बुऱ्हाणपूरला वारली. शाहजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेवर होता, मुलूख दुष्काळाने होरपळत होता. एकोणीस वर्षांच्या संसारातले ते तिचे चौदावे बाळंतपण. तापीच्या पलीकडच्या तीरावर जैनाबादच्या बागेत तिला आधी पुरले आणि सहा महिन्यांनी तिचे शव आग्र्याला नेले. चित्रपटात यांतले काहीही नाही. चौदा बाळंतपणे गाळून त्यांच्या जागी त्याने एक अपहरण घातले. प्रेक्षकाला हळहळ वाटावी अशी एक विपत्ती त्याला हवी होती. ती त्याने दरोडेखोर, व्यापारी आणि डालिया यांच्यात शोधली, कारण तिथे कोणाला तरी दोष देता येतो. लग्नाच्या आत, प्रेमाच्या आत, संमतीने आणि सन्मानाने जे घडले, त्याला दोष देण्याची भाषा मेलोड्रामापाशी नव्हती. सोडवायला कोणी धावून जावे असे संकट म्हणून ते त्याला दिसलेच नाही.

बुऱ्हाणपूर आपल्या खानदेशाच्या उंबऱ्यावर आहे. ताजमहाल पाहायला जाणारे लाखो असतात, तापीकाठच्या त्या बागेकडे वळणारे थोडे. ‘शिराझ’ पाहून झाल्यावर मला आग्र्याच्या घुमटापेक्षा ती रिकामी झालेली पहिली कबर अधिक आठवत राहते.